थडग्यांपाशी तरुणांना कशासाठी न्यायचे?

११ नोव्हेंबर १९१४ रोजी जर्मन लष्कराने एक छोटे पत्रक काढले. बेल्जियममधल्या लांगेमार्क गावाच्या पश्चिमेला तरुण पलटणींनी देशभक्तीचे गीत गात शत्रूच्या फळीवर चाल केली आणि ती काबीज केली, असे त्यात म्हटले होते. जर्मनीतल्या जवळजवळ सगळ्या वर्तमानपत्रांनी ते छापले. लढाई प्रत्यक्षात लांगेमार्कपासून काही किलोमीटर दूर, बिक्सखोटे गावाजवळ झाली होती, आणि चाल फसली होती. घाईघाईने उभ्या केलेल्या राखीव तुकड्या, जेमतेम दोन महिन्यांचे शिक्षण, पाठीशी तोफखाना अपुरा आणि समोर मुरलेले सैनिक. हजारो माणसे पडली. त्यांत विद्यार्थी होते, पण ते बहुसंख्य नव्हते. कामगार, कारकून, शेतकरी, लेकुरवाळी माणसेही त्यांत होती. तरीही पुढच्या काही वर्षांत या पराभवाची एक कथा तयार झाली: विद्यापीठांतली कोवळी मुले गाणे म्हणत हसतमुखाने मरणाला सामोरी गेली.

या कथेची मशागत फार मन लावून केली गेली. विद्यार्थी संघटनांनी वर्गण्या काढल्या, दर नोव्हेंबरात सभा भरू लागल्या, १९३२ मध्ये लांगेमार्कला जर्मन सैनिकांच्या दफनभूमीचे उद्घाटन झाले. आज तिथे सुमारे ४४,००० जण पुरलेले आहेत, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक एकाच सामूहिक थडग्यात आहेत. नाझी सत्तेवर आले तेव्हा हे स्मरण हिटलरच्या युवक संघटनेच्या हाती गेले. १९३६ च्या ऑलिंपिकसाठी बर्लिनमध्ये क्रीडानगरी बांधली गेली. तिच्या घंटा-मनोऱ्याखाली 'लांगेमार्क दालन' उभारून त्यात त्या दफनभूमीची माती ठेवण्यात आली. जगभरचे तरुण जिथे खेळायला येणार होते, तिथेच जर्मन तरुणांसमोर मरणाचा आदर्श मांडला गेला. जून १९४० मध्ये बेल्जियम जिंकल्यावर हिटलर स्वतः त्या दफनभूमीत गेला. पुढे नाझींच्या एसएस या लष्करी दलातल्या एका तुकडीला हेच नाव मिळाले. एप्रिल १९४५ मध्ये बर्लिनच्या रस्त्यांवर रशियन रणगाड्यांसमोर जी चौदा-पंधरा वर्षांची मुले उभी केली गेली, ती याच धड्यांवर वाढली होती.

युद्ध विसरले की ते पुन्हा होते, आठवणीत ठेवले की टळते, असे आपण सहज म्हणतो. शाळेतल्या भाषणांत, स्मारकांच्या उद्घाटनांत, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत हे वाक्य कुणी तपासून पाहत नाही. लांगेमार्कने ते तपासून दिले आहे. १९१४ च्या मेलेल्यांना जर्मनीने विसरले नव्हते. उलट इतक्या निष्ठेने त्यांची आठवण जपली की त्या आठवणीवर वाढलेली पिढी १९३९ मध्ये नव्या युद्धावर निघाली. तेव्हा तरुणांनी युद्ध आठवावे की विसरावे, हा वाद माझ्या लेखी गौण आहे. त्या आठवणीपाशी तरुणाला कोणत्या कामाला लावले जाते आणि तिथे त्याला काय विचारायची मुभा असते, यावर सगळे ठरते.

याच बेल्जियममध्ये १९५३ च्या उन्हाळ्यात एक वेगळी गोष्ट घडली. लोमेल नावाच्या गावाबाहेर रेताड माळावर दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे ३९,००० जर्मन सैनिकांची दफनभूमी आहे. एकेका क्रुसाखाली दोघे दोघे. तीस वर्षांत दोनदा जर्मन टाचेखाली गेलेल्या देशात, युद्ध संपून आठच वर्षे झालेली असताना, या थडग्यांविषयी कुणाला प्रेम असण्याचे कारण नव्हते. गावोगाव माणसे ओलीस म्हणून गोळ्या घालून मारलेली, ज्यूंना गाड्यांत कोंबून नेलेले, हे सारे ताजे होते. त्या माळावर थिओबाल्ड रीट नावाच्या जेझुइट धर्मगुरूच्या पुढाकाराने निरनिराळ्या देशांतले तरुण जमले आणि त्यांनी दफनभूमीच्या उभारणीला हात लावला. माती वाहणे, वाटा आखणे, झाडे लावणे असे ते काम होते. जर्मनीच्या 'फोल्क्सबुंड' या युद्धसमाधी संघटनेने तिथून जी युवक शिबिरांची प्रथा धरली, ती आजही चालू आहे. दर उन्हाळ्यात अनेक देशांतली सोळा ते पंचविशीची मुले दोन-तीन आठवडे एकत्र राहतात, थडग्यांवरची अक्षरे पुन्हा रंगवतात, गवत काढतात, आणि संध्याकाळी त्या मेलेल्यांच्या चरित्रांवर बोलतात.

आता ज्या गोष्टीने मला हा लेख लिहायला लावले ती सांगतो. लांगेमार्कची दफनभूमी उभारणारी संघटनाही हीच फोल्क्सबुंड होती. ती १९१९ मध्ये स्थापन झाली. मृतांसाठी राष्ट्रीय शोकदिन असावा ही मागणी तिचीच. १९३४ मध्ये नाझींनी त्या शोकदिनाचे नाव बदलून 'वीरस्मरण दिन' केले, आणि संघटनेने ते मान्य केले. म्हणजे संघटना तीच, दफनभूमी तशीच, आणि राबणारे हातही त्याच वयाच्या मुलांचे. एका वेळी त्यातून युद्ध निघाले आणि दुसऱ्या वेळी मैत्री. मग बदलले काय?

पहिला बदल डोळ्यांना दिसणारा आहे. लांगेमार्कच्या सोहळ्यांत तरुण रांगेत उभा असे. भाषण ऐकणे, झेंड्याला मान देणे, शपथ घेणे, एवढेच त्याचे काम. मेलेला सैनिक त्याला एका गटाने भेटे: 'आपले वीर'. लोमेलला त्याच्या हातात ब्रश असतो आणि समोर एक नाव, जन्माची तारीख, मरणाची तारीख. वजाबाकी करायला कुणी सांगावे लागत नाही. एकोणीस, अठरा, कधी सतरा. 'वीर' म्हटले की वय विसरायला होते, आणि वय दिसले की प्रश्न सुटे होतात: याला इथे कुणी पाठवले, त्याच्या घरी कुणी काय सांगितले, तो इथे येऊन काय करत होता?

दुसरा बदल याहून अवघड होता. शेजारी कोण उभे आहे? लांगेमार्कला जर्मन मुलगा जर्मन मुलांमध्ये होता. लोमेलच्या माळावर त्याच्या शेजारी अशी मुले होती, ज्यांच्या आई-बापांनी जर्मन सैनिकांची दहशत सोसली होती. त्यांच्यासमोर 'आमची मुले किती शूर होती' एवढेच म्हणून भागत नाही. शेजारची मुलगी विचारते, आणि उत्तर द्यावे लागते. फक्त आपल्या माणसांमध्ये राहून केलेले स्मरण अभिमानाकडे घसरते, असे मला वाटते. ते घसरू नये यासाठी दुसऱ्या बाजूचा एक जिवंत माणूस समोर असावा लागतो. तो पुस्तकातला किंवा पडद्यावरचा असून चालत नाही.

फ्रान्स आणि जर्मनी यांनी ही गोष्ट सरकारी पातळीवर ओळखली. १८७०, १९१४ आणि १९४०, सत्तर वर्षांत तीन युद्धे झालेल्या या दोन देशांनी २२ जानेवारी १९६३ रोजी पॅरिसमध्ये एलिझे करार केला, आणि त्याच वर्षी ५ जुलैला फ्रँको-जर्मन युवक कार्यालय सुरू केले. दोन्ही सरकारांच्या पैशावर चालणारे हे कार्यालय शाळांची देवाणघेवाण, कामगार-शिकाऊंची अदलाबदल, भाषावर्ग, एकत्र शिबिरे असे उपक्रम साठ वर्षांहून अधिक काळ चालवते आहे. आजवर ९० लाखांहून अधिक तरुण त्यातून गेले आहेत. २००३ च्या जानेवारीत कराराच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त बर्लिनमध्ये दोन्ही देशांतल्या सुमारे ५०० तरुणांची युवा संसद भरली. तिथे मुलांनी मागणी केली की आम्हाला दोन्ही देशांत एकच इतिहासाचे पुस्तक द्या. २००६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला. मजकूर एकच, फक्त भाषा दोन. ते पुस्तक फार शाळांनी लावले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण एकमेकांच्या आजोबांना मारणाऱ्यांची नातवंडे एकत्र बसून 'आमचा इतिहास एकच लिहा' म्हणाली, ही गोष्ट मला कुठल्याही तहनाम्याइतकी मोठी वाटते.

यावर एक रास्त हरकत आहे. युरोपातली शांतता शिबिरांनी आणली का? कोळसा-पोलादाचा सामाईक बाजार, अमेरिकेचे लष्करी छत्र, पलीकडे उभा सोव्हिएत संघ, जर्मनीचा पुरता झालेला पराभव, ही खरी कारणे होती. हे मी मान्य करतो. मुलांनी झाडे लावली म्हणून सैन्ये परत फिरत नाहीत. पण सरकारे तह करतात तेव्हा तो पाळणारी माणसे कुठून येतात? ज्या देशात शेजारी म्हणजे राक्षस असे पाच पिढ्या शिकवले गेले, तिथे तह झाल्यावरही तो राक्षस घराघरात राहतोच. त्याला बाहेर काढण्याचे काम बाजार करत नाही आणि सैन्यही करत नाही. ते सावकाश, पैसे लावून, दशकानुदशके करावे लागते. एखादा दिवस साजरा करून ते उरकत नाही.

आणि हे काम नेहमी शोभेल असेच असते असेही नाही. २९ मे २०१६ रोजी व्हर्दूनच्या लढाईला शंभर वर्षे झाली म्हणून तिथे मोठा सोहळा झाला. दुओमाँच्या अस्थिशाळेत सुमारे १,३०,००० अनोळखी सैनिकांची, फ्रेंच आणि जर्मन दोघांचीही, हाडे एकत्र ठेवलेली आहेत, आणि समोर सोळा हजारांवर थडगी आहेत. त्या थडग्यांमधून ३,४०० फ्रेंच आणि जर्मन मुले रंगीत कपड्यांत, ढोलांच्या तालावर धावत आली. मेल्यासारखी पडली, पुन्हा उठली. जर्मन दिग्दर्शक फोल्कर श्लोंडोर्फ यांची ती कल्पना होती. फ्रान्समध्ये गदारोळ उठला. मेलेल्यांच्या अंगावरून पोरे धावडवली, असे अनेकांनी म्हटले. तो राग मला समजतो. तरीही त्या मुलांच्या बाजूने एक सांगावेसे वाटते. त्या मैदानावर १९१६ मध्ये त्यांच्याच वयाची मुले धावली होती, ती शिट्टी वाजल्यावर, मशीनगनच्या तोंडी. आदराच्या नावाखाली तरुणांना थडग्यांपासून हातभर लांब, मान खाली घालून उभे करायचे, ही सवय मोठ्यांना सोयीची असते. तिथे कुणी काही विचारत नाही.

विचारले की काय होते, हे बव्हेरियातल्या पास्साउ शहराने पाहिले. जर्मनीत राष्ट्राध्यक्ष गुस्ताफ हाइनमान यांच्या प्रेरणेने १९७३ पासून शालेय मुलांसाठी इतिहासलेखनाची स्पर्धा चालते. आपल्या गावाचा, आपल्या घराचा इतिहास कागदपत्रे धुंडाळून लिहायचा, अशी तिची अट. अॅना रोझमुस या मुलीने अशाच एका स्पर्धेसाठी नाझी काळातले आपले शहर हा विषय घेतला. शहराने तर नाझींना विरोध केला होता, असे तिला लहानपणापासून सांगितले गेले होते. कागदपत्रे मागू लागली तेव्हा दप्तरे बंद झाली. ती न्यायालयात गेली आणि जिंकली. प्रतिष्ठित नागरिकांची नावे बाहेर आली, तिला धमक्या आल्या. १९८३ मध्ये तिचे पुस्तक निघाले, आणि १९९० मध्ये मिखाएल फरहोफेन यांनी तिच्या कहाणीवर चित्रपट काढला. शहरातल्या ज्येष्ठांनी पस्तीस वर्षे जी झाकपाक केली ती एका मुलीच्या निबंधाने उघडी पडली. शांततेसाठी तरुणांनी काय करावे, असे कुणी विचारले तर मी पांढरी कबुतरे सोडण्याआधी हे उदाहरण सांगेन.

रशियाने उलटी वाट धरली. ती आपण पाहिली पाहिजे, कारण ती फार जवळची आहे. २०१२ मध्ये सायबेरियातल्या तोम्स्क शहरात काही पत्रकारांना विजयदिनाच्या सरकारी कवायतींचा उबग आला. त्यांनी लोकांना सांगितले, पक्षाचे झेंडे नकोत, फलक नकोत, आपापल्या आजोबा-आजीचा युद्धातला फोटो घेऊन चाला. हजारो माणसे आली. 'अमर पलटण' हे नाव देशभर पसरले. २०१५ मध्ये मॉस्कोत राष्ट्राध्यक्ष पुतिन स्वतः वडिलांचा फोटो घेऊन अग्रभागी चालले, आणि लोकांचे स्मरण सरकारचे झाले. पुढच्याच वर्षी संरक्षण मंत्रालयाच्या आश्रयाने शाळकरी मुलांची 'युनार्मिया' ही गणवेशधारी संघटना सुरू झाली.

त्याच रशियात 'मेमोरियल' ही संस्था १९९९ पासून मुलांसाठी एक निबंधस्पर्धा घेत होती. आपल्या गावात, आपल्या कुटुंबात विसाव्या शतकाने काय केले ते शोधून लिहायचे. खेड्यापाड्यांतली मुले म्हाताऱ्यांना बोलती करून लिहीत: युद्ध, उपासमार, छावण्या, परत न आलेली माणसे. एप्रिल २०१६ मध्ये बक्षीस समारंभासाठी ती मुले मॉस्कोत आली तेव्हा बाहेर जमलेल्या टोळक्याने पाहुण्यांवर अंडी फेकली आणि ल्युदमिला उलित्स्काया या ज्येष्ठ लेखिकेच्या तोंडावर हिरवे औषधी द्रव्य फेकले. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मेमोरियल संस्था बरखास्त केली. दोन महिन्यांनी, २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, युक्रेनवर चाल झाली. एकीमुळे दुसरी झाली असे मी म्हणत नाही. पण ज्या राज्याला लढायचे असते ते आधी स्मरणाचा ताबा घेते, मुलांच्या हातातली लेखणी काढून त्यांना गणवेश देते, हा क्रम लांगेमार्कपासून ओळखीचा आहे.

आता आपल्याकडे येऊ. इथे हा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो: सीमेवर खरे शत्रू असताना, घरात ताजी हौतात्म्ये असताना, शत्रूच्या मेलेल्यांविषयी बोलणे हा आपल्या जवानांचा अपमान नाही का? प्रश्न खोटा नाही. ज्या आईने मुलाचा देह तिरंग्यात लपेटून घरी येताना पाहिला, तिला दुसऱ्या बाजूच्या आईचे दुःख समजून घे असे सांगायचा अधिकार मला नाही. शिवाय आक्रमण करणारा आणि आक्रमण झालेला यांना एका तागडीत तोलणे हा अन्याय आहे. १९८५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन जर्मनीतल्या बिटबुर्गच्या दफनभूमीत गेले. तिथे एसएसच्या सैनिकांचीही थडगी आहेत. जगभर संताप झाला, आणि तो योग्य होता. थडगी सारखी दिसली म्हणून अपराध सारखे होत नाहीत. शिबिरांत मुलांना हेही शिकवावे लागते, आणि चांगल्या शिबिरांत ते शिकवले जाते.

पण शत्रूच्या मेलेल्याचा मान राखणे आपल्याला परके नाही. १९९९ च्या कारगिल युद्धात आपले ५२७ जवान पडले. पलीकडच्या अनेक मृतांना पाकिस्तान आपले म्हणायला तयार नव्हता, तेव्हा भारतीय सैन्याने त्यांना त्यांच्या धर्माच्या रीतीने डोंगरावर दफन केले. टायगर हिलवर लढून मेलेल्या कॅप्टन कर्नाल शेर खान याच्या शौर्याची नोंद भारताच्या ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी चिठ्ठीत लिहून त्याच्या खिशात ठेवली आणि देह परत पाठवला. पाकिस्तानने त्याला आपला सर्वोच्च शौर्य सन्मान दिला. आपल्याकडे शत्रू असलेल्या अफझलखानाचीही कबर प्रतापगडाच्या परिसरात आहे. प्रत्यक्ष लढणारे जे करू शकतात, ते दूरचित्रवाणीवरच्या चर्चांना आणि आपल्या शाळांतल्या भाषणांना का जमू नये? कारगिलवर बोलताना शेर खानाची चिठ्ठी मुलांना सांगितली, तर आपल्या जवानांचे शौर्य रेसभर कमी होत नाही. ते कोणत्या प्रकारचे शौर्य होते, हे उलट नीट कळते.

भारत आणि पाकिस्तानच्या तरुणांनी फ्रेंच-जर्मन मुलांसारखे एका माळावर भेटावे, ही गोष्ट आजच्या घडीला जवळपास अशक्य आहे. व्हिसाच मिळत नाही, बाकीचे दूरच. शिक्षणतज्ज्ञ कृष्णकुमार यांनी २००१ मध्ये दोन्ही देशांच्या शालेय इतिहासांची तुलना करणारे पुस्तक लिहिले, त्यालाही आता दोन तपे उलटली. म्हणून मी इथे जे सुचवणार आहे त्याला सीमा ओलांडावी लागत नाही. ते महाराष्ट्राच्या गावातच पडून आहे.

साताऱ्याजवळ आपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला 'आपशिंगे मिलिटरी' म्हणतात, कारण घरटी कुणीतरी सैन्यात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जण मारले गेले, आणि त्याचे स्मारक गावात आहे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांत अशा पाट्या चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेल्या आढळतात. मजकूर साधारण एकाच साच्याचा: या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. बहुतेक पाट्यांवर आकडा असतो, पण एकही नाव नसते.

ही माणसे गेली कुठे? पुष्कळशी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. १०३ वी आणि ११० वी मराठा पलटण कूटच्या वेढ्यात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. धान्य संपत आले, घोड्याचे मांस खाण्याचा हुकूम निघाला, अनेक हिंदी शिपायांनी ते धर्मासाठी आणि घरच्यांच्या धाकाने नाकारले, हिरड्या सुजून माणसे खंगली. शेवटी जनरल टाउनशेंडने सुमारे १३,००० माणसांसह शरणागती पत्करली. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेले, आणि कितीतरी वाटेतच संपले. या मोहिमेतल्या मृतांसाठी बसऱ्याला स्मारक बांधले गेले. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक नुसती संख्या. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या स्वतःच्या अहवालाने कबूल केले की निदान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांचे, प्रामुख्याने पूर्व आफ्रिकी आणि इजिप्ती माणसांचे, नावानिशी स्मरण झाले नाही किंवा स्मरणच झाले नाही. बसऱ्याच्या भिंतीवर आकडा आणि गावच्या भिंतीवरही आकडा. मधला माणूस शंभर वर्षे गायब आहे.

त्याला शोधणे हे आपल्या तरुणांचे लोमेल होऊ शकते. त्याच आयोगाच्या नोंदी आज इंटरनेटवर कुणालाही विनामूल्य पाहता येतात. अनेक शिपायांच्या नावापुढे बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहिलेला आहे. इंग्रजी वर्णलेखनात गावांची नावे ओळखू न येण्याइतकी मोडलेली असतात, आणि ती सोडवायला त्या भागात वाढलेला मुलगा किंवा मुलगीच लागते. लंडनमधल्या संशोधकाला ते जमणार नाही. नाव सापडले की घर शोधायचे, आडनाव शोधायचे, म्हाताऱ्या माणसांशी बोलायचे. आणि मग पुढचे प्रश्न टाळायचे नाहीत. महिना ११ रुपये पगारासाठी गेले, की मामलेदार आणि पाटलाच्या दडपणाखाली? टिळकांनी अटी घालून का होईना भरतीला पाठिंबा दिला, गांधींनी १९१८ मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात फिरून माणसे मागितली, ती का? मागे राहिलेल्या बायकांचे, १९१८ च्या दुष्काळात आणि इन्फ्लुएन्झाच्या साथीत, काय झाले? आणि इराकी माणसाला हा शिपाई काय म्हणून आठवतो: शूर मराठा म्हणून, की साम्राज्याच्या सैन्याबरोबर त्याच्या शेतात शिरलेला परका म्हणून? तिथला गावकरीही त्या युद्धात मेला. त्याच्या पाटीवर तर आकडाही नाही.

हा शेवटचा प्रश्न मुलांना विचारू द्यायला आपल्याला धीर लागेल. आपले पूर्वज कधीच कुणाचे परके नव्हते, असे मानायला सोपे जाते.

असे केल्याने शौर्य पुसट होईल, ही भीती निराधार आहे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले. त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले होते. एकट्याने मशीनगनचे ठाणे उद्ध्वस्त करून ते शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी मारले गेले. वय बावीस-तेवीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जुलै २०२३ मध्ये मोंतोने या इटालियन गावाने त्यांच्या नावे स्मारक उभारले तेव्हा त्यांनी पुतळा किंवा तोफ निवडली नाही. एक सूर्यघड्याळ बसवले, आणि आपण सगळे एकाच सूर्याखाली जगतो अशा अर्थाचा लॅटिन मजकूर त्याला दिला. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ हिंदी सैनिक पडले. परदेशी गावाने आपल्या माणसाचे शौर्य आणि शांतता एकाच दगडात मांडली आहे, आणि आपल्याला ते उसने घ्यायला हरकत नसावी.

तरुणांपुढे युद्धातली कोणती माणसे ठेवायची, याचाही विचार व्हावा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सप्टेंबर १९३८ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, जपानी आक्रमणाने होरपळणाऱ्या चीनला निघालेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात होते. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले, आघाडीमागच्या इस्पितळात शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. वय बत्तीस. १९६२ मध्ये भारत आणि चीन एकमेकांशी लढले, त्यानंतरही सीमेवर रक्त सांडले. कोटणीसांचे स्मरण दोन्हीकडे टिकून आहे. इतक्या वैरातून तगलेले दुसरे मराठी नाव मला आठवत नाही, आणि ते एका डॉक्टरचे आहे. आपल्या संचलनांत त्याला जागा नसते, आणि असायला हवी.

म्हणून महाराष्ट्रातल्या शिक्षकांना, विशेषतः सैनिकी परंपरेच्या गावांतल्या माध्यमिक शाळांच्या आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहणाऱ्या महाविद्यालयांच्या शिक्षकांना, माझी विनंती आहे. येत्या वर्षी २६ जानेवारीच्या भाषणांची एक तासिका कमी करा. नववीच्या मुलामुलींना गावातल्या त्या पाटीपाशी न्या, आकडा वहीत लिहून घ्यायला सांगा आणि त्यांच्यावर नावे शोधण्याचे काम सोपवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी बोला, तहसील कचेरीतली जुनी दप्तरे मागा, गावातल्या सगळ्या आळ्यांत आणि वस्त्यांत जा, कारण पलटणीत सगळ्या जातींची माणसे गेली होती. जी नावे सापडतील ती मराठीत, घराच्या पत्त्यासह, जुन्या पाटीखाली नव्या पाटीवर लिहा. आणि त्याच पाटीवर एक ओळ अशीही लिहा की ज्या देशात ही माणसे मेली तिथलीही माणसे याच युद्धात मेली. ती ओळ लिहावी की नाही यावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्या, आणि त्याचा निकाल मुलांना लावू द्या.